पुन्हा पुन्हा उतरणारी बॅटरी : स्पोर्टी मोटारसायकलच्या चार्जिंगमधला दोष कसा शोधावा

काही वर्षे वापरलेल्या स्पोर्टी मोटारसायकलच्या तक्रारींमध्ये एक तक्रार हमखास असते. सेल्फचे बटण दाबले की सीटखालून रिलेचा नुसता कटकट आवाज येतो, मीटरवरचे आकडे क्षणभर विझून पुन्हा दिसू लागतात, घड्याळातली वेळ पुसली जाते आणि इंजिन मात्र अर्धा फेराही घेत नाही. बॅटरीचे आयुष्य संपले असे गृहीत धरून नवी बॅटरी बसवली जाते, गाडी काही महिने विनातक्रार चालते आणि त्यानंतर तोच कटकट आवाज पुन्हा ऐकू येतो. चांगल्या प्रतीची सीलबंद बॅटरी योग्य चार्जिंग मिळाल्यास तीन ते पाच वर्षे टिकायला हवी. लागोपाठ दोन बॅटऱ्या अल्पावधीत निकामी झाल्या असतील, तर तिसरी विकत घेण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा, कारण अशा वेळी बॅटरी केवळ बळी पडलेली असते आणि दोष तिच्यापर्यंत वीज आणणाऱ्या मार्गात कुठेतरी असतो.

हा मार्ग समजून घेणे अवघड नाही. क्रँकशाफ्टच्या टोकावर चुंबक बसवलेले फ्लायव्हील फिरते आणि त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला स्टेटर स्थिर बसवलेला असतो. स्टेटरमधून तीन वायर बाहेर येतात, बऱ्याच गाड्यांत त्या पिवळ्या असतात, आणि त्यांतून तीन फेजचा एसी प्रवाह रेग्युलेटर-रेक्टिफायरकडे जातो. या युनिटमधले डायोड एसीचा डीसी करतात आणि रेग्युलेटरचा भाग व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखून धरतो. तिथून पुढे एक-दोन कपलर, म्हणजे वायर एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड, मुख्य फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल एवढाच प्रवास उरतो.

स्पोर्टी गाडीत या मार्गावर ताण अधिक असतो. इंजिनचे कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे ते फिरवायला सेल्फला जास्त अँपिअर लागतात, पण वजन कमी ठेवण्यासाठी बॅटरी मात्र आठ-दहा अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज साठते त्याचे हे माप), म्हणजे लहानच दिलेली असते. फ्युएल पंप, इंजेक्शन, इग्निशन आणि सतत चालू राहणारा हेडलाइट यांचा भार कायम असतो, आणि गर्दीत गाडी थांबली की रेडिएटरचा पंखा त्यात भर घालतो. शिवाय अनेक गाड्यांत रेक्टिफायर सीटच्या मागच्या भागात किंवा फेअरिंगच्या आत, जिथे वारा फारसा पोहोचतच नाही अशा जागी बसवलेला असतो, आणि या युनिटला सगळ्यांत जास्त गरज असते ती वाऱ्याचीच.

ती का, हे नीट समजले पाहिजे. बहुतेक जुन्या गाड्यांत शंट पद्धतीचा रेग्युलेटर असतो. या पद्धतीत स्टेटर त्याच्या कुवतीइतका प्रवाह सतत वाहत ठेवतो आणि गाडीला नको असलेला भाग रेग्युलेटर स्टेटरच्या वायर आतल्या आत शॉर्ट करून परतवून लावतो, त्यामुळे स्टेटर आणि रेक्टिफायर दोन्ही कायम तापलेले राहतात. हेडलाइटमध्ये एलईडी बसवून भार कमी केला म्हणजे स्टेटरला आराम मिळेल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. गाडीने घेतलेली वीज कमी झाली की परतवायचा भाग वाढतो, स्टेटरचे काम जवळपास तेवढेच राहते. एलईडी बसवण्याने आयडलिंगच्या वेळी बॅटरीला थोडी जास्त वीज मिळते हा फायदा खरा आहे, मात्र त्याने स्टेटरचे आयुष्य वाढत नाही.

मोजमापाची सुरुवात बॅटरीपासून

दोष कुठेही असला तरी पहिली पायरी एकच आहे. बॅटरी गाडीतून काढावी, काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना शेवटी निगेटिव्ह हा क्रम पाळावा, योग्य चार्जरवर ती पूर्ण चार्ज करावी आणि काही तास तशीच ठेवून मग व्होल्टेज मोजावे. चार्जर काढल्याबरोबर दिसणारा आकडा फसवा असतो, कारण प्लेटच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज त्यात मिसळलेला असतो. निरोगी लेड-अॅसिड बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, सीलबंद एजीएम प्रकारात (ज्यात अॅसिड काचतंतूंच्या थरात शोषलेले असते) आकडा थोडा वरही असतो, १२.२ च्या आसपास ती साधारण अर्धी उतरलेली असते आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी असते. यानंतर बॅटरी गाडीत बसवून, मीटर टर्मिनलवर धरून सेल्फ मारावा. इंजिन फिरत असताना व्होल्टेज १० च्या बरेच खाली घसरले, तर ती बॅटरी आतून थकलेली आहे असे समजावे. अशा बॅटरीवर पुढच्या चाचण्या करू नयेत, कारण ती चार्जिंगचे आकडे बिघडवते आणि चांगल्या रेक्टिफायरवर नाहक ठपका येतो. चाचणीपुरती दुसऱ्या गाडीची त्याच मापाची चांगली बॅटरी मागून आणावी.

याच टप्प्यावर टर्मिनलचे बोल्ट हाताने हलवून पाहावेत. इंजिनच्या थरथरीने ते सैल होणे ही अगदी साधी गोष्ट आहे, आणि कधी सुरू होणारी, कधी न होणारी गाडी केवळ एक बोल्ट आवळल्याने कायमची बरी झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

आता गाडी सुरू करून इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे, हेडलाइट हाय बीमवर ठेवावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजावे. आयडलिंगला ते १३ च्या वर असावे आणि ५००० आरपीएमच्या आसपास १३.८ ते १४.६ च्या दरम्यान स्थिर राहावे. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नेमका आकडा दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. ही चाचणी गरम इंजिनवरच करायची, यावर मी विशेष भर देतो, कारण अनेक रेक्टिफायर आणि स्टेटर थंड असताना निर्दोष आकडे देतात आणि वीस-पंचवीस मिनिटे तापल्यावर कोलमडतात. थंड गाडीवर दोन मिनिटे मीटर धरून चार्जिंग ठीक असल्याचा निर्वाळा दिला जातो, आणि हा दोष वर्षानुवर्षे सापडत नाही त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आरपीएम वाढवूनही आकडा १३ च्या पुढे सरकत नसेल तर बॅटरीपर्यंत पुरेशी वीज येत नाही. तो १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर व्होल्टेज रोखू शकत नाही, आणि अशी गाडी त्या अवस्थेत चालवू नये, कारण सीलबंद बॅटरीतले पाणी उडून जाते, तिचे अंग फुगते आणि इसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) व बल्ब धोक्यात येतात. सर्वांत फसवी अवस्था मात्र या दोन्हींच्या मधली आहे : १३.२, १३.३ असा आकडा दिसतो, गाडी रोज सुरू होते आणि कोणालाच संशय येत नाही. लेड-अॅसिड बॅटरी सतत अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचत जातात आणि तिची क्षमता महिन्यागणिक घटते. काही महिन्यांनी नवी बॅटरी मरते ती बहुतेक वेळा याच मार्गाने.

खरा गुन्हेगार : कपलर

चार्जिंग कमी दिसले की लगेच रेक्टिफायर किंवा स्टेटर मागवण्याची घाई केली जाते. माझा आग्रह असा आहे की त्याआधी दोन कपलर उघडून पाहावेत : स्टेटरच्या तीन वायर जिथे जोडल्या जातात तो, आणि रेक्टिफायरमधून बाहेर पडणाऱ्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वायरचा.

बिघडलेला कपलर एकदा पाहिला की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. मूळचे पांढरे प्लास्टिक एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचे झालेले असते, त्या पिनभोवती ते थोडे वितळून फुगलेले असते, आणि दोन भाग ओढले तरी सहज सुटत नाहीत. सुटल्यावर आतली एक पिन काळवंडलेली दिसते, उरलेल्या दोन अजून चमकत असतात. काळ्या पिनची पकड सैल झालेली असते आणि तिच्यामागची वायर चिमटीत धरली तर तिचे आवरण मऊ न लागता कडक, ठिसूळ लागते. वाकवले तर ते तडकते आणि आतले तांबे लाल न दिसता काळे दिसते.

हे घडते ते क्रमाक्रमाने. थरथर आणि ओल यांमुळे पिनच्या जोडावर किंचित रोध निर्माण होतो. समजा तो फक्त ०.१ ओहम आहे आणि त्यातून १५ अँपिअर प्रवाह वाहतो आहे, तर त्या एका पिनवर दीड व्होल्ट हरवतो आणि २२.५ वॅट उष्णता तयार होते. एवढी उष्णता नखाएवढ्या जागेत साचली की पिनचा ताण निघून जातो, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही वाढते. या चक्रातून पिन आपोआप बाहेर पडत नाही.

त्याचा बॅटरीवर होणारा परिणाम थोडा आडवळणाचा आहे. अनेक गाड्यांत रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो ते स्वतःच्या आउटपुटवर. त्याच्या पिनपाशी १४.४ व्होल्ट असतील आणि पुढच्या वाटेत एक व्होल्ट हरवत असेल, तर बॅटरीला १३.४ च मिळतात. रेग्युलेटरला मात्र आपले काम चोख झाले असेच दिसते. रेग्युलेटर चांगला, बॅटरी चांगली, तरीही बॅटरी उपाशी. उलट काही गाड्यांत रेग्युलेटरला व्होल्टेज कळवणारी वेगळी वायर इग्निशन स्विचमार्गे येते. त्या वायरच्या वाटेत गळती असेल, म्हणजे व्होल्टेज हरवत असेल, तर रेग्युलेटरला व्होल्टेज कमी वाटते आणि तो बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज करू लागतो, म्हणजे १५ च्या वर गेलेला आकडासुद्धा दर वेळी रेग्युलेटरचाच दोष असतो असे नाही.

ही गळती शोधायची चाचणी साधी आहे, पण ती क्वचितच केली जाते. गाडी सुरू ठेवून, दिवे लावून, इंजिन ३००० ते ४००० आरपीएमवर धरावे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर, कपलरच्या मागच्या बाजूने पिनला टेकवावे, आणि दुसरे टोक थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवावे. मीटर जो आकडा दाखवतो तो वाटेत हरवलेला व्होल्टेज असतो. तो ०.२ च्या आत असेल तर मार्ग स्वच्छ आहे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर मीटरचे एक टोक कपलरच्या अलीकडे-पलीकडे, मग फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे सरकवत जावे, म्हणजे आकडा जिथे एकदम बदलतो तिथे दोष सापडतो. हीच चाचणी निगेटिव्ह बाजूलाही करावी. अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने लावलेली असते तिथला रंग, गंज आणि तेलकट मळ यांनीही हाच त्रास होतो, आणि मुख्य फ्यूजचा होल्डर आतून वितळलेला असताना फ्यूज मात्र शाबूत दिसतो.

कपलर जळालेला आढळला तर काही जण वायर कापून थेट सोल्डर करतात. मला हा उपाय पटत नाही. सैल पिनचा प्रश्न त्याने सुटतो हे खरे, पण पुढच्या वेळी स्टेटर वेगळा करून तपासायला पुन्हा वायर कापावी लागते, आणि सोल्डर झिरपलेला वायरचा भाग ताठ होऊन थरथरीने नेमका तिथेच तुटू शकतो. जास्त अँपिअर क्षमतेचा, पाणी न शिरणारा कपलर घ्यावा, काळी पडलेली वायर स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे कापावी, योग्य क्रिंपिंग पकडीने नवी टर्मिनल दाबावीत आणि वायर खेचून पकड तपासावी. साध्या पक्कडीने चेपलेले टर्मिनल हा पुढच्या जळीताचा पाया असतो.

स्टेटर आणि रेक्टिफायर

मार्ग स्वच्छ असूनही चार्जिंग कमी असेल, तरच या दोघांकडे वळावे. स्टेटरचा कपलर सोडवून, गाडी बंद असताना तिन्ही वायरपैकी प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात ओहम मोजावेत. मीटरने अजिबात जोड दाखवता कामा नये. जोड दाखवला तर तारेचे आवरण जळून स्टेटर बॉडीला टेकला आहे, आणि त्याला बदलण्याशिवाय पर्याय नाही. दोन-दोन वायरमधला रोध साधारण एक ओहमपेक्षा कमी आणि तिन्ही जोड्यांत सारखा असतो, मात्र तो इतका लहान आहे की मीटरच्या स्वतःच्या वायरचा रोध त्यातून वजा करावा लागतो आणि काही वेटोळी आपसांत शॉर्ट झाली असली तरी फरक लक्षात येत नाही. म्हणून मी जास्त विश्वास ठेवतो तो एसी व्होल्टेजच्या चाचणीवर : कपलर सोडवलेलाच ठेवून, इंजिन गरम असताना, ५००० आरपीएमला दोन-दोन वायरमधला एसी व्होल्टेज मोजावा. अनेक गाड्यांत तो ५० व्होल्टच्या वर असतो आणि तिन्ही जोड्यांत जवळपास समान असणे महत्त्वाचे आहे. एक जोडी मागे पडली की स्टेटरचा निकाल लागला. या चाचणीत उघड्या पिनला हात लावू नये, कारण हा व्होल्टेज झटका देण्याइतका असतो.

रेक्टिफायरसाठी मल्टिमीटरचा डायोडचा पर्याय वापरावा. स्टेटरच्या प्रत्येक पिनपासून पॉझिटिव्ह आउटपुटकडे आणि निगेटिव्हपासून प्रत्येक पिनकडे एका दिशेने ०.४ ते ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा आणि टोके उलटी केली की काहीच येऊ नये. दोन्ही दिशांना शून्य आले तर डायोड शॉर्ट आहे. एक डायोड शॉर्ट झाला की तो स्टेटरच्या वेटोळ्यांनाही तापवून जाळू शकतो. म्हणूनच जळका स्टेटर बदलताना रेक्टिफायर न तपासणे, किंवा नवा रेक्टिफायर जुन्या काळवंडलेल्या कपलरलाच जोडणे, म्हणजे नव्या भागालाही त्याच वाटेने पाठवणे होय. एक सदोष भाग सापडल्यावर शोध तिथेच थांबवला जातो, आणि समस्या पुन्हा पुन्हा येण्याचे मूळ माझ्या मते इथे आहे.

रेक्टिफायर बदलायचाच असेल तर सीरिज पद्धतीच्या युनिटचा विचार जरूर करावा. ते नको असलेला प्रवाह शॉर्ट न करता स्टेटरची वाट तात्पुरती तोडते, त्यामुळे स्टेटरमधून गरजेपुरताच प्रवाह वाहतो आणि दोघांचेही तापमान उतरते. ते आपल्या स्टेटरला आणि गाडीच्या भाराला झेपणारे आहे याची खात्री करून घ्यावी. कोणतेही युनिट असो, ते धातूच्या सपाट पृष्ठभागावर, शक्य तिथे वाऱ्याच्या वाटेत बसवावे आणि त्याच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांवर चिखल साचू देऊ नये.

गाडी उभी असतानाच बॅटरी उतरत असेल तर

चार्जिंगचे सगळे आकडे निर्दोष असूनही चार-आठ दिवसांनी गाडी सुरू होत नसेल, तर इग्निशन बंद असताना कोणीतरी वीज खात आहे. निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावावा, सुरुवात १० अँपिअरच्या रेंजपासून करावी, काही मिनिटे थांबावे आणि मगच आकडा वाचावा. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, सेल्फला तर हातही लावू नये. घड्याळ आणि इसीयू मिळून एक-दोन मिलिअँपिअर घेतात, तेवढे चालते. २ मिलिअँपिअरने तीस दिवसांत जेमतेम दीड अँपिअर-अवर जातो. तेच जीपीएस ट्रॅकर किंवा अलार्म सतत २० मिलिअँपिअर घेत असेल, तर आठ अँपिअर-अवरची बॅटरी आठ-नऊ दिवसांत निम्मी होते. एकेक फ्यूज काढत गेल्यावर आकडा जिथे कोसळतो ते सर्किट दोषी असते. बाहेरून लावलेला मोबाइल चार्जर थेट बॅटरीला जोडलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

छोट्या फेऱ्यांमुळे बॅटरी उतरते असे सरसकट सांगितले जाते, त्यात तथ्य आहे पण ते समजले जाते त्यापेक्षा कमी आहे. सेल्फने तीन सेकंद १२० अँपिअर घेतले तरी तो हिशेब ०.१ अँपिअर-अवर एवढाच भरतो, आणि निरोगी चार्जिंग असलेली गाडी ते काही मिनिटांच्या धावण्यात भरून काढते. छोटी फेरी जर पंखा चालू ठेवून गर्दीत उभे राहण्यातच गेली तर गोष्ट वेगळी, कारण आयडलिंगला स्टेटरची वीज भाराला जेमतेम पुरते. रोज पाच किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची बॅटरी मरत असेल, तर कारण म्हणून फेरीकडे बोट दाखवू नये.

दुरुस्तीनंतर लगेच, आणि पुन्हा काही आठवड्यांच्या वापरानंतर, गरम इंजिनवरचा चार्जिंग व्होल्टेज आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मार्गातली गळती मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवावी. पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी हेच आकडे घ्यावेत आणि स्टेटरचा कपलर वर्षातून दोनदा उघडून त्याचा रंग पाहावा, कारण गळती ०.१ वरून ०.३ वर सरकलेली दिसली तर पिन जळण्याआधीच ती बदलता येते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर व्होल्टेज आपोआप सांभाळणारा चार्जर लावावा, नाहीतर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवावे. वजन वाचवण्यासाठी लिथियम बॅटरी बसवायची असेल, तर चार्जिंग १४.६ च्या वर जात नाही हे आधी मोजून पाहावे, आणि सल्फेट काढण्याची पद्धत असलेला लेड-अॅसिडचा चार्जर तिला लावू नये.